जड आवाजाच्या पोराला

अरे आवाज जड आहे म्हणून रडत बसू नकोस, पाश्चात्त्य संगीतात टेनर आणि बासच्या मधल्या ह्याच आवाजाला बॅरिटोन म्हणतात आणि मोठमोठ्या ऑपेरात त्याला मुख्य भूमिका असतात. पेटीवरच्या काळी एक पट्टीचा हट्ट सोड, खाली उतरून पांढरी सातला सा लाव, नाही जमलं तर काळी पाचला, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. मी पंचविशीत दुसऱ्याच्या पट्टीत ओरडून गायलो आणि डॉक्टरांनी बोलणंच बंद केलं, दोन महिने घरात पाटीवर लिहून मीठ मागत होतो बघ. पहाटे खर्ज भर, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर लांबवून लाव, रोज. मे महिन्यात आपल्या सोलापुरात पारा चाळीसच्या वर, घसा लाकूड होतो, पाणी पीत रहा आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री शेंगाचटणी नको (अवघड आहे, माहितीय).

घरच्यांना आधीच सांग, सणावारालाच आपलं काम असतं. दिवाळी पहाटेला मी निघायचो तेव्हा पोरगी झोपलेली असायची, तिच्या कपाळाला उटण्याचं बोट लावून जायचो, ते तिला अजून आठवतं. आणि शिकवण्या सोडू नकोस, किराणा त्यातूनच येतो. रविवारी घरी ये, तंबोरा लावून तुझा सा कुठं बसतो बघू.