फ्लेक्सवरचा फोटो नेमका कुणासाठी असतो?

तुमचा प्रश्न असा आहे : वाढदिवस असो, रस्त्याचं डांबरीकरण असो की मोफत लस, प्रत्येक गोष्टीवर नेत्यांचे फोटो का असतात? त्यांना प्रसिद्धीची एवढी भूक का, आणि त्यातून मतं खरंच मिळतात का? फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात मी बरीच वर्षं डिझाइनचं काम केलं आहे, त्यामुळे या प्रश्नाची एक बाजू मी जवळून पाहिली आहे.

बहुतेक राजकीय फ्लेक्स तुमच्या-माझ्यासाठी लावलेलाच नसतो. तो पक्षातल्या वरच्या माणसाने बघावा म्हणून लावलेला असतो. ऑर्डर घेऊन आलेला कार्यकर्ता लोकांना काय वाचायला आवडेल हे कधीच विचारत नाही. त्याची घाई वेगळी असते : उद्या सकाळी आठच्या आत माल हातात पाहिजे, कारण साहेबांचा ताफा नऊला नाक्यावरून जाणार आहे. म्हणून शासकीय विश्रामगृहापासून सभेच्या मैदानापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी भरून जातो, आणि मतदार रोज ज्या गल्लीतून ये-जा करतो ती मोकळी राहते. पुढच्या निवडणुकीत तिकीट कुणाला द्यायचं हे गल्ली ठरवत नाही, गाडीत बसलेला माणूस ठरवतो. ही भूक पक्षांनी स्वतः वाढवली आहे. पक्षांतर्गत निवडणुका नावापुरत्या होतात, काम मोजायची कुठलीही पद्धत नाही, मग वरच्यांच्या नजरेत राहण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रस्त्यावरचा मोठा फोटो.

फोटोंच्या क्रमाला आमच्याकडे प्रोटोकॉल म्हणायचे. वरच्या पट्टीत दिल्लीचे नेते, मग प्रदेशाचे, मग जिल्ह्याचे. मध्ये ज्याचा वाढदिवस तो. त्याच्या नावाआधी कार्यसम्राट किंवा युवा हृदयसम्राट. तळाला शुभेच्छुकांची रांग. कुणाचा चेहरा कुणापेक्षा किती मोठा, कोण कुणाच्या शेजारी, कुणाचे हात जोडलेले आणि कुणाचा उंचावलेला, यावर दोन-दोन तास बोलणं चालायचं. एक चेहरा राहिला तर अख्खा फ्लेक्स रातोरात पुन्हा छापला जायचा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. पट्टीत कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे त्या काळात कार्यकर्त्यांनाच कळत नव्हतं. खालचा मजकूर तोच राहायचा, वरची पट्टी तेवढी बदलायची. विचारधारा नावाची गोष्ट त्या पट्टीएवढ्या जागेत मावलेली मी पाहिली आहे, आणि त्याचा मला आजही त्रास होतो.

राज्याच्या पातळीवरही हेच चालतं. १३ जून २०२३ ला वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली : ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रात शिंदे’. तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे यांना उपमुख्यमंत्री फडणवीस यांच्यापेक्षा जास्त लोकांची पसंती आहे, असं एका सर्वेक्षणाच्या हवाल्याने तीत सांगितलं होतं. फडणवीसांचा फोटो नव्हता, बाळासाहेबांचाही नव्हता. दिवसभर चर्चा त्याचीच झाली आणि दुसऱ्याच दिवशी नवी जाहिरात आली, या वेळी सगळ्यांच्या फोटोंसह. त्या वर्षी पाऊस लांबला होता, शेतकरी पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसला होता, आणि राज्याचं राजकारण कुणाचा फोटो राहिला यावर दोन दिवस खर्ची पडलं. ती जाहिरात वाचकाला काहीच सांगत नव्हती. एका मित्रपक्षाने दुसऱ्या मित्रपक्षाला दिलेला तो निरोप होता.

आता तळाच्या त्या रांगेबद्दल. तुमच्या प्रश्नात ती पोरं नाहीत, पण प्रसिद्धीची भूक समजून घ्यायची तर त्यांच्याकडे पाहायला हवं. वीस-बावीस वर्षांची मुलं, पांढरा शर्ट, गॉगल, छोट्या चौकोनात चेहरा आणि खाली नाव. या जागेसाठी प्रत्येक जण वर्गणी देतो. शहाणी माणसं त्यांना हसतात. मला कधीच हसू आलं नाही. पदवी झाली आहे, भरती निघत नाही, शेतीत भागत नाही, लग्न ठरत नाही. हा मुलगा तहसील कचेरीत दाखल्यासाठी गेला तर कुणी मान वर करून बघत नाही. पोलीस ठाण्यात त्याला उभं ठेवतात. त्याच मुलाचा चेहरा एकदा आमदारांच्या फोटोखाली आला की तो ‘भाऊंचा माणूस’ होतो. कचेरीत खुर्ची मिळते. फायनान्सचा वसुलीवाला जरा हळू बोलतो. आई त्या फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवते. ज्या व्यवस्थेत साध्या नागरिकाला ओळख दाखवल्याशिवाय किंमत मिळत नाही, तिथे माणूस ओळख विकतच घेणार. ही भूक नुसती मिरवण्याची नाही, ती माणूस म्हणून मोजलं जाण्याची आहे, आणि राजकारण्यांनी ती नेमकी ओळखली आहे.

यात नेत्याला फुकट प्रसिद्धी मिळते, मुलाच्या नावावर दुकानाची उधारी राहते. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात ‘भावी नगरसेवक’ लिहिलेले फ्लेक्स गल्लोगल्ली लागले. वाढदिवस, दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी, पुन्हा वाढदिवस. निवडणुकीची तारीख नाही, पण चेहरा विसरला जाऊ नये म्हणून खर्च चालू. त्यातल्या किती जणांना पक्ष तिकीट देणार होता? एका प्रभागात एकाच पक्षाचे पाच-पाच भावी असायचे. नंतर त्यांचं काय झालं हे विचारायला पक्षाचा एकही मोठा माणूस येत नाही, याची मला मनापासून चीड आहे.

फ्लेक्स निदान वर्गणीतून लागतो. सरकारी जाहिरात आपल्या पैशातून होते. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला निकाल दिला : सरकारी जाहिरातीत हयात व्यक्तींपैकी फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो असावेत. निकाल बदलावा म्हणून केंद्र सरकार गेलं, आणि तामिळनाडू, पश्चिम बंगाल, कर्नाटक अशी वेगवेगळ्या पक्षांची राज्यंही गेली. एरवी ज्यांचं कशावरच जमत नाही ते सगळे स्वतःच्या फोटोसाठी एका बाजूला उभे राहिले. १८ मार्च २०१६ ला न्यायालयाने राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याचे मंत्री यांच्या फोटोंना मुभा दिली. मला २०१५ चा निकाल योग्य वाटतो. सरकारी जाहिरातीत योजना काय आहे, अर्ज कुठे करायचा आणि शेवटची तारीख कोणती, एवढं कळलं की तिचं काम झालं.

किती पैसा जातो याचे दोन नमुने सांगतो. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेत २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ प्रसिद्धीवर गेली. हे संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीच्या अहवालात आहे आणि समितीच्या अध्यक्ष होत्या सत्ताधारी पक्षाच्या, आपल्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित. दुसरा नमुना दिल्लीचा. वेगवान रेल्वे प्रकल्पातला आपला वाटा द्यायला निधी नाही असं तिथल्या सरकारने सांगितलं, तेव्हा जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातींचा हिशेब मागवला. तीन वर्षांत १,०७३ कोटी रुपये निघाले. ही सवय सगळ्याच पक्षांना लागली आहे आणि हे मी कुणाची बाजू राखून म्हणत नाही.

पण खर्चापेक्षा मला जास्त खुपतं ते वेगळंच. फोटो लागला की हक्काचा उपकार होतो. लस सरकारने द्यायचीच असते, ती करातून येते. २०२१ मध्ये लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो आला आणि घेणाऱ्याला वाटावं की ही कुणाची तरी कृपा आहे. निवडणूक असलेल्या राज्यांत तो फोटो काढावा लागला आणि फोटोविना लसीत काही कमी झालं नाही. बसथांब्याच्या बाकावर ‘यांच्या निधीतून’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो आणि खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, पैसा सरकारी तिजोरीतून येतो. त्यातला एक रुपयाही त्यांच्या खिशातून जात नाही. लाडकी बहीण योजनेत महिन्याला १५०० रुपये येऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये श्रेयवादाची लढाई कशावर झाली आठवतं का? सरकारमधल्याच एका पक्षाने आपल्या प्रचारात योजनेच्या नावातला ‘मुख्यमंत्री’ हा शब्द वगळला म्हणून. आमच्या गावातली एक मावशी मला म्हणाली होती, “पैसे बंद तर करणार नाहीत ना, मत दिलं नाही तर?” तिच्या मनात ही भीती घालणं, हेच त्या फोटोचं खरं काम आहे. आपण त्यांना निवडून कामाला लावलं आहे, आणि बाई मात्र त्यांचे आभार मानत घाबरून बसली आहे.

मतं मिळतात का? फक्त फोटोने मिळत नाहीत. वाजपेयी सरकारची ‘इंडिया शायनिंग’ मोहीम देशभर गाजली आणि २००४ मध्ये ते सरकार गेलं. उत्तर प्रदेशात मायावतींनी स्वतःचे आणि हत्तीचे पुतळे उभारले, २०१२ च्या निवडणुकीत आयोगाने ते झाकायला लावले, आणि सत्ताही गेली. याउलट २०१४ च्या विधानसभेला ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ हे वाक्य घराघरात पोचलं आणि भाजपला १२२ जागा मिळाल्या. त्या यशाला मोदी लाटेसह इतर बरीच कारणं होती, पण वाक्य चाललं ते लोकांच्या मनात आधीपासून असलेला राग त्याने शब्दांत पकडला म्हणून. जाहिरात लोकांच्या मनातलं बोलते तेव्हा चालते, स्वतःची आरती करते तेव्हा सहसा नाही. प्रभागाच्या निवडणुकीत मात्र चेहरा ओळखीचा असण्याचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवं.

आणखी एक विसंगती आहे. साबणाची खोटी जाहिरात केली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तीत चेहरा देणारा नटही त्यातून सुटत नाही. राजकीय पक्षाने जाहिरातीत दिलेलं वचन या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ते यायला हवं की नाही यावर मतं असतील. मला वाटतं, निदान आकडे देणाऱ्या राजकीय जाहिरातीला त्या आकड्यांचा आधार छापायची सक्ती हवी.

फलकांनी माणसं मरतात, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये चेन्नईत एका पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नाचा बॅनर दुचाकीवरून जाणाऱ्या २३ वर्षांच्या मुलीवर पडला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याजवळ किवळ्याला पाच जण आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरला सतरा जण होर्डिंगखाली गेले. हे दोन फलक राजकीय नव्हते, धंद्याचे होते. पण बेकायदा फलकाकडे काणाडोळा करायची सवय एकच आहे. मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबाबत सविस्तर आदेश दिले. तरी महापालिकेची गाडी फलक काढायला निघाली की कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर फोन येतोच, कारण फलकावरचा चेहरा आणि फोन करणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो.

तुम्हाला काही करायचं असेल तर फलकाचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा फलकांना परवानगी देणाऱ्या आकाशचिन्ह व परवाना विभागात तक्रार द्या. पोच घ्या, तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. सोबत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. विचारायचं एवढंच : गेल्या वर्षात या प्रभागात किती फलकांना परवानगी दिली, त्यातून किती शुल्क जमा झालं, विनापरवाना किती काढले आणि त्यातल्या किती प्रकरणांत गुन्हा दाखल झाला. चारही प्रश्न वेगवेगळ्या ओळींत लिहा, एकत्र केले की मोघम उत्तर येतं. तळाच्या रांगेतल्या पोरांची नावं तक्रारीत घालू नका. फलक ज्याच्या फोटोसाठी लागला आहे, त्याचंच नाव लिहा.