‘डॅडींचं तारण झालं नाही’ असं मुलगी म्हणते

पत्र: ताई, मी वसईतल्या एका गावात राहते, आम्ही कॅथलिक. माझे मिस्टर गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, त्यांनी कधी चुकवली नाही, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामासाठी गोरगरिबांच्या घरी जायचे. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती एका फेलोशिपला जाऊ लागली आणि तिथे पाण्यात बुडून तिने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आता डॅडींच्या वर्षाच्या मिस्सेला येणार नाही म्हणते. फोनवर म्हणाली, “डॅडी चांगले होते, पण चांगल्या कामांनी तारण होत नाही. त्यांनी येशूला स्वतःहून स्वीकारलं नव्हतं. आता त्यांच्यासाठी प्रार्थना करून काही बदलत नाही.” मग म्हणाली, “मम्मी, तुझं तारण झालंय का?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून झोप लागत नाही. तिचं खरं की आमच्या फादरांचं? आणि मी तिच्याशी वागू कशी?

प्रिय ताई,

आधी तुमच्या मिस्टरांविषयी बोलते, कारण झोप त्यांच्या काळजीने उडाली आहे. ते आज कुठे आहेत हे तुमची मुलगी सांगू शकत नाही, तिचे पास्टरही नाहीत. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तिच्याच शिकवणीप्रमाणे तारण, म्हणजे पापातून सुटका आणि सार्वकालिक जीवन, हृदयातल्या विश्वासाने होतं, आणि दुसऱ्याचं हृदय माणसाला दिसत नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, प्रभू येईपर्यंत तुम्हीही कुणाचा करू नका. लूकच्या तेविसाव्या अध्यायात क्रुसावरचा चोर शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलतो आणि येशू त्याला सुखलोकाचं वचन देतो. त्या चोराच्या घरच्यांना हे कळलंही नसेल. तुमच्या मुलीला डॅडींच्या तोंडून फेलोशिपमधली वाक्यं ऐकू आली नाहीत, एवढंच तिला ठाऊक आहे.

आणि कुठली वाक्यं ऐकू आली होती? पवित्र कम्युनियन घेण्याआधी दर मिस्सेत ते म्हणत आले की प्रभू, तू माझ्याकडे यावंस अशी माझी योग्यता नाही, तू फक्त शब्द बोल. बायबलातल्या कफर्णहूमच्या शताधिपतीचे, म्हणजे रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याचे, हे उद्गार. ज्याच्या विश्वासाचं येशूने सगळ्यांदेखत कौतुक केलं, तो हा माणूस. जो आयुष्यभर दर रविवारी हे म्हणतो, तो आपल्या कामांच्या भरवशावर स्वर्गात जायला निघाला होता असं मला तरी म्हणवत नाही.

आता तिचं खरं की फादरांचं, याविषयी. मी कुठून बोलते आहे ते तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून सांगते. मी अहमदनगरच्या प्रोटेस्टंट घरात वाढले. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, ही शिकवण मला मनापासून पटते. तरीही तुमच्या मुलीने कॅथलिक शिकवणीचं जे चित्र तुमच्यापुढे ठेवलं, ते चुकीचं आहे. ‘कॅथलिक कामांनी तारण मिळवायला बघतात’ हे आमच्याकडच्या सभांमध्ये फार सहज बोललं जातं. पण कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला उत्तर द्यायला भरलेल्या परिषदेनेच, 1547 मध्ये या विषयावरचा निर्णय दिला आणि त्यातला अगदी पहिला नियम असा आहे: ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कृत्यांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल, तो चर्चच्या बाहेर. सुरुवात कृपेचीच, हे दोन्हीकडे मान्य होतं.

भांडण त्यापुढचं आहे. ल्यूथरचं म्हणणं होतं की देव पापी माणसाला केवळ विश्वासावरून नीतिमान गणतो आणि सत्कर्मं त्याच्या मागून येतात, झाडाला फळ यावं तशी. ट्रेंटचं म्हणणं असं की कृपा माणसाला नुसतं नीतिमान गणत नाही, आतून बदलते; माणूस त्या कृपेला साथ देतो, तिच्यात वाढतो आणि गंभीर पाप करून ती गमावूही शकतो. एकाने रोमकरांच्या तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवलं, दुसऱ्याने याकोबाच्या दुसऱ्या अध्यायावर, आणि दोन्ही पत्रं एकाच बायबलात आहेत. मुलीला इफिसकरांचं दुसरं प्रकरण तोंडपाठ असेल, आठवं आणि नववं वचन. दहावंही वाचायला सांगा. कृत्यांनी तारण नाही असं लिहून झाल्यावर पौल लगेच म्हणतो की देवाने आधीच तयार करून ठेवलेली सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलं आहे.

साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, जर्मनीतल्या ऑग्जबर्ग शहरात ल्यूथरन चर्चेसचा जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा गाभा असा: आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, आणि तोच आपल्याला पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी सज्ज करतो. 2006 मध्ये जगभरच्या मेथडिस्टांनी त्याला संमती दिली, 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसनी. सगळे मतभेद मिटले असं त्यात लिहिलेलं नाही, आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या, म्हणजे बहुधा तुमच्या मुलीच्या फेलोशिपसारख्या, त्यात नाहीत. तुमची मुलगी म्हणू शकेल की आम्ही कुठे सही केली? बरोबर आहे. पण ज्या ल्यूथरपासून ‘केवळ विश्वासाने’ हा घोष सुरू झाला, त्याच्या नावाने चालणारी चर्चेस आज कॅथलिकांच्या बाजूला बसून हे म्हणतात, एवढं तिने ऐकायला हवं.

तिच्या बाजूलाही एकमत नाही, हे तिला कुणी सांगितलं नसेल. एकदा तारण झालं की ते हरवतं का? 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट इथे भरलेल्या रिफॉर्म्ड चर्चेसच्या सभेने सांगितलं की देवाने निवडलेला माणूस शेवटपर्यंत टिकतोच. मेथडिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल म्हणतात की तो मागे फिरू शकतो. ल्यूथरन लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात आणि त्यातून देव खरोखर कृपा देतो असं मानतात. बॅप्टिस्ट म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी. ऑर्थोडॉक्स चर्चला तर हा सगळा कोर्टाच्या भाषेतला वाद परका वाटतो. त्यांच्या लेखी तारण म्हणजे देवाच्या जीवनात हळूहळू सहभागी होत जाणं, जन्मभर चालणारं.

आपल्याकडचीही गोष्ट सांगते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही होते. बाळाचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढाचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती त्यांनी एका चर्चमध्ये मान्य केल्या. जे लोक या प्रश्नावरून शतकानुशतकं वेगळे राहिले होते, ते एका छताखाली आले. तुमच्या दोघींनाही हे जमेल असं मला वाटतं.

एक गोष्ट तुम्हालाही ऐकावी लागेल, ताई. आज मुलगी तुमच्याविषयी जे म्हणते, ते कॅथलिक चर्च कधी काळी तिच्यासारख्यांविषयी म्हणत होतं. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने लिहून ठेवलं की चर्चबाहेरचे, पाखंडी आणि फुटून गेलेलेसुद्धा, मरण्याआधी चर्चमध्ये आले नाहीत तर त्यांना सार्वकालिक जीवन नाही. प्रोटेस्टंटांना खुल्या मनाने ‘प्रभूमध्ये बंधू’ म्हणायला 1964 साल उजाडलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. म्हणून तिच्या कठोरपणाचा राग आला तरी तो फक्त तिच्या फेलोशिपचा दोष समजू नका.

आणि तिला जे मिळालं ते खोटंही समजू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन मठाच्या आश्रयाला असताना. पुढे 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो नंतर सापडला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं त्याचं नाव आजही फेलोशिपमधून घेतलं जातं. तुमच्या मुलीला असंच काही झालं असणार. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना एके दिवशी आपली झाली. त्या आनंदात माणूस आधी घरच्यांकडेच धावतो, आणि बोलताना त्यांना दुखावतो. तिने तुमच्या तारणाबद्दल विचारलं ते तुमच्या काळजीने. वडिलांबद्दल ती जे बोलली त्याच्या मागे मला तिची स्वतःची भीती दिसते. वडील गेले आणि ज्या शिकवणीने तिला आनंद दिला तीच आता तिला त्यांच्याविषयी घाबरवते आहे. ती रात्री झोपत असेल का, हे एकदा विचारा.

रमाबाईंचंच पुढे सांगते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक आई. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणायच्या. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव), चर्चचा अधिकार, यांवरून दोघींमध्ये पत्रांतून फार कडक वाद झाले. रमाबाई मागे हटल्या नाहीत आणि सिस्टरनाही ते पटलं नाही. तरी पत्रं येत-जात राहिली आणि सिस्टर जेराल्डीननी ती जपून, जुळवून ठेवली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. एकमत नसतानाही ‘आजीबाई’ हे नातं टिकलं. तुमच्या घरात हेच व्हावं असं मला वाटतं.

आता वर्षाची मिस्सा. ती तुम्ही ठरल्याप्रमाणे करा, जराही कमीपणा न मानता. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आधार तुमच्या बायबलात आहे: मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय. प्रोटेस्टंट बायबलात ते पुस्तक नाही. तुमच्या बायबलात 73 पुस्तकं, तिच्या बायबलात 66. म्हणून “हे बायबलात कुठे आहे?” असं ती विचारते तेव्हा ती तुम्हाला हिणवत नसते, तिच्या हातातल्या बायबलात ते खरंच नसतं. ती आली नाही तर भावकीत काय बोलतील, हा विचार मनात असेल तर तो बाजूला ठेवा. मनाविरुद्ध तिला चर्चमध्ये आणून उभं केलंत तर डॅडींची मिस्सा ही तिच्यासाठी जबरदस्तीची आठवण होऊन बसेल. तिला एवढंच सांगा: “मिस्सेला यायचं की नाही ते तू ठरव. पण जेवायला घरी ये, आणि जेवणाआधी डॅडींबद्दल देवाचे आभार मानणारी प्रार्थना तू कर.” वडिलांसाठी देवाचे आभार मानायला तिची कुठलीही शिकवण आड येत नाही. 2 नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्त्या लावायला जाल तेव्हाही असंच विचारा, आणि नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नका.

बाप्तिस्म्याबद्दल तुम्ही पत्रात थोडंच लिहिलंय, पण ते टोचत असणार. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही. तुम्ही दोघांनी तिला तान्हेपणी चर्चमध्ये नेलं, ते फुकट गेलेलं नाही. या विषयावर तिच्याशी वाद घालू नका. फादरांशी मात्र मोकळेपणाने बोला.

एक सीमा आखून द्या. डॅडींचं काय झालं असेल यावर यापुढे फोनवर बोलायचं नाही. “तुला जे वाटतं ते तू मला सांगितलंस, मी ऐकलं. तो न्याय देवाचा आहे, तुझा नाही आणि माझाही नाही. माझ्यासमोर पुन्हा असं बोलू नकोस, मला फार लागतं.” इतकं स्पष्ट बोला. आईने सोसून गप्प राहावं असं कुठल्याही चर्चने शिकवलेलं नाही.

आणि ती “तुझं तारण झालंय का?” असं पुन्हा विचारेल, कारण तिच्याकडे ते आयुष्यातल्या एका दिवसावर बोट ठेवून सांगायचं असतं. तुमच्याकडे तो दिवस नाही म्हणून तुम्ही गप्प झालात. पण कॅथलिक माणूस तसं सांगत नाही. ‘माझं झालं’ असं ठामपणे म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं आणि तो आशा या शब्दात बोलतो. तिच्याकडे योहानाच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय आहे: तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं. तुमच्याकडे फिलिप्पैकरांचा दुसरा अध्याय आहे: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्या ठायी काम करणारा देवच आहे. तेव्हा तिला म्हणा: “येशूने माझं तारण केलं, आजही करतो आहे, आणि शेवटी तोच करील अशी माझी आशा आहे. माझा भरवसा त्याच्यावर आहे, माझ्यावर नाही.” यातला एकही शब्द कॅथलिक शिकवणीच्या बाहेरचा नाही, आणि तुमच्या मुलीलाही तो नाकारता येणार नाही.

शेवटचं एक विचारायचं आहे. ‘घरच्यांशी संबंध कमी कर’, ‘आईच्या घरी जेवू नकोस’, ‘पगार कुठे जातो ते विचारू देऊ नकोस’, असं काही तिला तिथे सांगितलं जातं का? अनेक फेलोशिप अशा नसतात, तिथली माणसं एकमेकांना खूप जपतात, आणि दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देणं ही त्यांची नेहमीची रीत आहे, त्याने दचकू नका. पण तिला तुमच्यापासून तोडलं जातंय असं दिसलं तर तो तारणाच्या शिकवणीचा प्रश्न राहत नाही. तसं असेल तर लगेच मला लिहा, आपण त्यावर वेगळं बोलू.