जुना लॅपटॉप टाकण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून दुकानदार नवा लॅपटॉप घे म्हणतोय ना? थांब जरा. विंडोज ११ चढत नाही ते बहुधा प्रोसेसर किंवा टीपीएम २.० या सुरक्षा-सुविधेच्या अटीमुळे, मशीन निकामी झालंय म्हणून नव्हे. आत अजून हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, टाक. सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. मग लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, पेनड्राइव्हवरूनच चालवून बघ. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तेव्हाच तपासून घे. इन्स्टॉल करण्याआधी फायलींचा बॅकअप हवाच.

रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर ती वाढवणं विसर. म्हणूनच निवडणुकीतल्या फुकट लॅपटॉपपेक्षा मला दुरुस्तीच्या हक्काचा कायदा, म्हणजे घेतलेली वस्तू दुरुस्त करता यावी असं कंपन्यांना बंधन, जास्त महत्त्वाचा वाटतो. उमेदवार दारात आला की त्याला या कायद्याबद्दल विचार.