वाचकांचे प्रश्न : माळव्याच्या काळ्या मातीत बहुवर्षायू गवत

प्रश्न : इंदूरहून महूकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची सुमारे चार हजार चौरस फूट काळी जमीन मोकळी आहे. जर्मनीत राहणारे माझे धाकटे दीर ‘पोआ प्राटेन्सिस’ या गवताचे बी पाठवू म्हणतात. एकदा पेरले की वर्षानुवर्षे टिकते, असे ते सांगतात. ते येथे लावावे का? घरी एक गाय आहे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपल्या दिरांचे म्हणणे त्यांच्या प्रदेशापुरते अगदी खरे आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये नामकरण केलेले हे गवत जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरते आणि युरोपातील कुरणांत वर्षानुवर्षे टिकून राहते. आपल्याकडेही हिमालयातील थंड कुरणांत ते आढळते. परंतु ते थंड हवेचे गवत आहे. साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअस तापमानात त्याची वाढ उत्तम होते, आणि उन्हाळा वाढला की प्रकाशसंश्लेषण मंदावून मुळांची वाढही खुंटते. नोव्हेंबरमध्ये पेरल्यास इंदूरच्या हिवाळ्यात ते हिरवेगार दिसेल, मात्र त्याला उगवायलाच दोन ते चार आठवडे लागतात; आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे गेल्यावर सतत पाणी देऊनही ते तग धरणे कठीण आहे. एका हिवाळ्यासाठी एवढा खटाटोप मला तरी पटत नाही. शिवाय परदेशातून बियाणे आणण्यासाठी वनस्पती-संगरोधाचे (परदेशी रोग-किडी आत येऊ नयेत यासाठीचे) नियम पाळून आयात-परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. पाकिटात घालून टपालाने पाठवण्याची ही वस्तू नव्हे.

आपण मारवेल लावावे. त्याचे शास्त्रीय नाव डायकॅन्थियम अ‍ॅन्युलेटम. पेरांवर पांढऱ्या केसांचे कडे असते, त्यावरून ते सहज ओळखता येते. हे आपल्याच हवामानातले बहुवर्षायू गवत असून काळ्या जमिनीत चांगले रुजते, उन्हाळ्यात वाळल्यासारखे दिसले तरी त्याचे ठोंब जिवंत राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात. गाईलाही ते आवडते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण काढले आहेत आणि झाशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेतही चौकशी करता येईल.

बियांपेक्षा मुळे असलेले ठोंब लावणे खात्रीचे. मे महिन्यात जमीन नांगरून ढेकळे फोडावीत, साडेतीनशे ते चारशे किलो कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी साचत असेल तर उताराकडे चर काढावा, कारण काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. मृगाचा पाऊस पडून आर्द्रात ओल खोल गेली की ओळींत 50 सेंटिमीटर आणि ठोंबांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवून लावणी करावी. आपल्या जागेला सुमारे अडीच हजार ठोंब लागतील. दोन ओळींमध्ये गोकर्ण पेरल्यास चाऱ्यातील प्रथिने वाढतात, आणि ती वेल भारी जमिनीतही येते. पहिल्या पावसाळ्यात खुरपणी टाळू नये. याच काळात तण मारवेलला दाबून टाकते. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, फुलोरा येऊ लागताच करावी आणि बुडखा आठ-दहा सेंटिमीटर राखावा. पहिल्या वर्षी गाय त्यात सोडू नये, कारण मुळे पक्की होण्याआधी तुडवलेले ठोंब उपटून येतात, कापूनच घालावे.

प्रश्न : गेल्या कार्तिकात मारवेलचे बी गोळा करून लगेच पेरले, पण जवळजवळ काहीच उगवले नाही. बी खराब होते का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तसे असेलच असे नाही. मारवेलच्या कणसात कणिशिका (कणसातले छोटे फुलांचे घटक) जोडीने असतात. त्यांतील बिनदेठाच्या कणिशिकेतच दाणा भरतो, देठाची सहसा पोकळ राहते. म्हणून वजनाने भरपूर वाटणाऱ्या बियाण्यात उगवणारे दाणे थोडेच असतात. त्यातही ताज्या बियांना सुप्तावस्था असते, म्हणजे ते काही काळ उगवतच नाही. बी कापडी पिशवीत कोरड्या जागी पुढच्या जूनपर्यंत ठेवावे. नंतर कुसळे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओलसर वाळूत मिसळून वाफ्यावर फेकावे आणि वरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेले बी वर येणे अवघड असते.