वाचक विचारतात : ‘सी’ नव्हे, ‘बी’

मागच्या अंकात माझ्या नोकरीबद्दल, म्हणजे अवकाश भौतिकीत काढलेल्या ३६ वर्षांबद्दल, दोन पानं लिहिली होती. त्यावर मिरजेच्या पत्त्यावर पत्रांचा गठ्ठा आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे चारच पत्रं घेतोय. बाकीच्यांनी राग मानू नये.

माझा मुलगा विलिंग्डन कॉलेजला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला अवकाश संशोधनात जायचंय. माझे दीर म्हणतात, इस्रोत इंजिनिअरच घेतात, पोरानं वर्षं फुकट घालवली. खरं काय? — एक आई, विश्रामबाग, सांगली

ताई, दीर अर्धे बरोबर आहेत. इस्रोच्या भरतीत इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांचाच भरणा असतो. गाडी, म्हणजे रॉकेट, तेच बांधतात. पण वर जाऊन मोजायचं काय आणि कशासाठी, हे सांगायला भौतिकीवालाच लागतो. आपल्याकडे तर गाडीच्या आधी प्रश्न आला होता.

केरळात थुंब्याला रॉकेट तळ झाला तो का? पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे चुंबकाची सुई खाली-वर न झुकता आडवी राहते ती रेघ, तेव्हा तिथून जवळूनच जायची, आणि तिच्या बरोबर वर, शंभर-एकशेदहा किलोमीटरवर, दिवसा विजेचा एक पट्टा पूर्वेकडे वाहतो. तो मोजायचा कसा? फुगा सहसा चाळीसएक किलोमीटरच्या वर जात नाही. उपग्रह इतक्या खाली फिरवला तर हवेच्या घर्षणानं लगेच कोसळतो. उरलं रॉकेट. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकेचं होतं, नायकी-अपाची. त्यानं वर सोडियमची वाफ सोडली. रंगीत ढग कसा सरकतो ते बघायचं आणि त्यावरून तिथला वारा काढायचा, एवढंच काम. ही जागा हेरण्यात विक्रम साराभाईंबरोबर एकनाथ चिटणीस होते. १९२५ साली कोल्हापुरात जन्मलेले, वैश्विक किरणांचे अभ्यासक. म्हणजे पंचगंगेकाठचाच माणूस. दिरांना हे जरूर सांगा.

आता रस्ता. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी ‘जॅम’ ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायची, चांगल्या ठिकाणी एमएस्सी करायची, मग पीएचडीसाठी नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एक परीक्षा. अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी), तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी आणि पनवेलची भूचुंबकत्व संस्था ही तिन्ही नावं त्याला आजच लिहून द्या. फेलोशिप आता महिना ३७,००० रुपयांपासून सुरू होते, त्यात एकट्याचं भागतं. पण कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उजाडते, हे घरात आधी बोलून घ्या. मला ती एकतिसाव्या वर्षी लागली. माझ्या वर्गातला मित्र तोवर साखर कारखान्यात केमिस्ट होऊन स्कूटर उडवत होता. मी दिवाळीला यष्टीनं यायचो, आणि ‘पोरगा काय करतो?’ असं कुणी विचारलं की आई खालच्या आवाजात म्हणायची, “अजून शिकतोय.”

आणखी एक. त्याला टीव्हीवरचं उड्डाण बघायला आवडतं, की प्रयोगवहीत आकडे भरायला? उड्डाण वीस मिनिटांत संपतं. आकडे वीस वर्षं पुरतात. दुसऱ्याचा कंटाळा असेल तर दिरांचं ऐकलेलं बरं.

आम्ही तरुणपणी रात्री रेडिओ सिलोन लावायचो. दुपारी नुसती खरखर, रात्री मात्र आवाज खणखणीत यायचा, पण लाटेसारखा जवळ येऊन लांब जायचा. असं का? — वय ७४, कराड

दादा, माझं अख्खं आयुष्य या एका प्रश्नात गेलं म्हटलं तरी चालेल.

आपल्या डोक्यावर साठ किलोमीटरपासून पुढे सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे हवेचे कण फुटतात आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा आयनांबर. त्याचे थर आहेत. वरचा, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरचा एफ थर शॉर्टवेव्हला आरसा होतो. कोलंबोहून निघालेली लहर त्यावर आपटून कराडात उतरते. सगळ्यात खालचा डी थर मात्र लहरी खातो. तिथे हवा दाट, त्यामुळे हलणारा इलेक्ट्रॉन लगेच कशावर तरी धडकतो आणि लहरीची ताकद उष्णतेत जाते. दिवस मावळला की हा डी थर काही मिनिटांत विरतो. एफ थर रात्रभर टिकतो. म्हणून रात्री आरसा असतो, पण खाणारा नसतो.

आणि लांब-जवळ होणारा आवाज. आमचं घर सतारमेकरांच्या गल्लीला लागून. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज हेलकावे खातो, ते लहानपणी रोज कानावर पडायचं. रेडिओचंही तेच. एक लहर एका वाटेनं येते, दुसरी जरा लांबच्या, आणि आरसा तर सारखा हलत असतो. कधी दोघी एकमेकींना साथ देतात, कधी मारून टाकतात. तुमच्या रेडिओचा यात काही दोष नव्हता.

तुम्ही रॉकेटमध्ये बसला आहात का? — इयत्ता सहावी, वाई

नाही रे बाळा. आमच्या रॉकेटला माणूस मावतच नाही, आणि ते दहा-बारा मिनिटांत समुद्रात पडतं. मी पाळण्यात बसलो तरी मला गरगरतं.

तुमच्या लेखात सगळं यशच दिसलं. एखादी चूक सांगाल का? — प्राध्यापिका, सातारा

सांगतो. बाई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत.

जुलै १९७२ मध्ये, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी करून, मी संशोधक विद्यार्थी म्हणून रुजू झालो. काम एकच : आयनोसोंड वाचणं. हे यंत्र वर वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या लहरी सोडतं आणि कुठली लहर किती वेळानं परतली ते फिल्मवर उमटवतं. दर पंधरा मिनिटांनी एक चौकट, दिवसाला ९६. भिंगाखाली रेघ बघायची, पट्टी लावायची, आकडा वहीत भरायचा. वाचता आलं नाही तर आकड्याऐवजी अक्षर लिहायचं. ‘बी’ म्हणजे लहर वरच शोषली गेली, ‘सी’ म्हणजे यंत्रात बिघाड. ही अक्षरं जगभर सारखी.

४ ऑगस्टची फिल्म माझ्याकडे आली. दुपारी बाराच्या सुमारास चौकटी सलग कोऱ्या. धूसर रेघसुद्धा नाही. पावसाचे दिवस, वीज जायची, यंत्रातल्या नळ्या जुन्या. मी विचार न करता ओळीनं ‘सी, सी, सी’ लिहिलं आणि चहाला गेलो.

काही आठवड्यांनी बाहेरच्या वेधशाळांचे अहवाल टपालानं आले. त्या दिवशी सूर्यावर विसाव्या शतकातल्या मोठ्या ज्वालांपैकी एक भडकली होती, आपल्या घड्याळात बाराला दहा कमी असताना. क्ष-किरण आठ मिनिटांत पोचले, डी थर एकदम दाट झाला आणि आमच्या सगळ्या लहरी गिळून बसला. सूर्यावरून उडालेला वायूचा लोट पंधरा तासांच्या आतच पृथ्वीवर आदळला. चुंबकीय वादळ असं उठलं, की व्हिएतनामच्या समुद्रात पेरलेले अमेरिकेचे चुंबकी सुरुंग डझनावारी आपोआप उडाले. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि १७ डिसेंबरात जायचं होतं, म्हणून चंद्रावर त्या वेळी कुणी नव्हतं. नाहीतर सूर्याकडून आलेल्या कणांच्या माऱ्यात त्यांचं काय झालं असतं, ते मनात आणवत नाही.

आणि माझ्या वहीत काय? यंत्र बंद.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वही मागवली. ओरडले नाहीत. तांबड्या पेन्सिलीनं प्रत्येक ‘सी’ खोडून वर ‘बी’ लिहिला आणि मला व्हॅन अ‍ॅलन या अमेरिकन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९५८ साली एक्सप्लोरर-१ या उपग्रहातून त्यांचा गायगर काउंटर, म्हणजे वेगवान कण मोजणारं यंत्र, वर गेला. खाली ठीक मोजत होता, उंचावर गेला की शून्य दाखवायचा. बिघडला म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्यांचा विद्यार्थी मॅकिलवेन यानं तसाच एक काउंटर प्रयोगशाळेत जोरदार क्ष-किरणांसमोर धरला. तोही शून्यावर आला! कण इतके होते की काउंटरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या शून्यातून पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे, म्हणजे अडकून पडलेल्या वेगवान कणांचे पट्टे, सापडले.

मला तेव्हा गोष्टीपेक्षा तांबडी पेन्सिलच जास्त लागली, खोटं कशाला बोलू? पण पुढे फिल्मवर कोरी चौकट आली की मी लगेच ‘सी’ लिहीत नसे. उठून यंत्राच्या खोलीत जायचो आणि त्या दिवशीची देखभालीची वही चाळायचो. वीज गेल्याची नोंद नसली, नळी बदलल्याची नसली, पंखा चालू असला, तर परत येऊन खुर्चीत बसायचो आणि सूर्याकडची डाक यायची वाट बघायचो.