जुन्या नावाला नवा अर्थ नको

लेका,

काल रंकाळ्यावर तासभर तुझा एकच घोळ चालला होता, तुझी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, वापरणाऱ्या जुन्यांना सांभाळू की नव्यांना? तुझं 'लोड' हे फंक्शन रिकामा रकाना शून्य धरतं, नवा माणूस हमखास फसतो, म्हणून 2.0 आवृत्तीत हे डीफॉल्टच, म्हणजे काही न सांगता होणारं वागणंच, बदलायचं म्हणतोस. नव्यांचा त्रास खरा आहे, कबूल. तरी जुन्या नावाला नवा अर्थ देऊ नकोस.

माझंच ऐक. उद्यमनगरातल्या फौंड्र्यांसाठी मी एक लायब्ररी लिहिली होती. तिच्यातलं 'वेट' हे फंक्शन रनर-रायझरसकट, म्हणजे ओतायच्या वाटांत उरणाऱ्या जादा धातूसकट, वजन द्यायचं. नवे लोक ते नुसत्या कास्टिंगचं समजायचे आणि रोज फोन करून डोकं खायचे. एका रात्री मी अर्थ बदलून टाकला. कुठंही एरर आला नाही, तिथंच घात झाला. एका जुन्या गिऱ्हाइकानं महिनाभर त्या आकड्यावर कोटेशनं दिली. वितळवलेल्या धातूचा हिशेब जुळेना तेव्हा कळलं. आता, कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहायची पद्धत तेव्हा आमच्यात नव्हती. आणि नवा अर्थच बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या मालकासमोर बसून हे बोलायची छाती झाली नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, तिचं पायथन 3 बघ. 2008 मध्ये आलं. प्रिंटला कंस नसले की कोड जागेवर अडायचा. लोकांनी शिव्या घातल्या आणि दुरुस्त केला. 3/2 चं उत्तर मात्र गुपचूप 1 चं दीड झालं. त्यांनी निदान 2001 पासून जुन्या भागाकारासाठी // हे वेगळं चिन्ह दिलं होतं, नवा भागाकार आधीच चालू करून बघायची सोय दिली होती. तू काय दिलंयस? चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, एक ओळ! आवृत्तीचा मेजर आकडा वाढवला म्हणून पाप धुतलं जात नाही रे.

नव्यांसाठी नवं फंक्शन काढ, नव्या नावानं. डॉक्युमेंटेशनचं पहिलं पान, सगळी उदाहरणं त्याचीच ठेव. नवा माणूस तेवढंच वाचतो, 'लोड' त्याच्या नजरेलाही पडणार नाही. जुन्यात वॉर्निंग घाल: याऐवजी काय वापरायचं, कुठल्या आवृत्तीत हे जाणार. पुढं काढून टाकलंस तरी चालेल, कोड ओरडून थांबेल. मिसळीला कट मागणाऱ्याला हवं तर नाही म्हण, पण कट म्हणून दही वाढू नकोस.

'दोन-दोन फंक्शनं घाण दिसतात' म्हणालास. दिसू देत.

रविवारी घरी ये, पण आधी ती डीफॉल्टची ओळ होती तशी कर. नव्या फंक्शनचं नाव सुचत नसेल तर त्यावर हवं तितकं भांडू.