क्रॉइसॉर-ऱ्हॉसिथ स्वतःच्या जबाबदारीवर? नको. त्याऐवजी हे बघा

'नॉर्थ वेल्सला चाललोय, बंद पडलेली स्लेटची खाण आतून बघायची आहे. क्रॉइसॉर खाणीतून शिरून शेजारच्या ऱ्हॉसिथ खाणीतून बाहेर पडता येतं असं वाचलं. आम्ही दोघंच, ट्रेकिंगची चांगली सवय आहे, जमेल का?' असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: नाही. सह्याद्री पालथा घातला असेल तरी नाही.

या वाटेवर दोराने खाली उतरून दोर ओढून घ्यावा लागतो. तो ओढला की परतीचा रस्ता संपला. पुढे पाण्याने भरलेली दालनं तारेवरून किंवा छोट्या होडीतून ओलांडायची, कुजलेल्या लाकडी पुलांच्या जागी कोणीतरी कधीतरी बांधून ठेवलेल्या तारांवर भरवसा टाकायचा. ऱ्हॉसिथ १९३० मध्ये बंद पडली. तिथे वाट चुकलात तर तुमची ट्रेकिंगची सवय कामाला येत नाही, कारण खाली ना आकाश दिसतं ना उतार कळतो.

छताचा प्रश्न तर त्याहून मोठा. तो समजायला ही खाण कशी खोदली ते कळायला हवं. ब्लायनाय फेस्टिन्योग या खाणींच्या गावाच्या परिसरात स्लेटचा थर तिरका, साधारण ३० अंशांत डोंगराच्या पोटात जातो. वरचा सगळा डोंगर काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून थराच्या मागोमाग आत जायचं, प्रचंड दालनं कोरायची आणि दोन दालनांमध्ये दगडाची जाड भिंत आधाराला सोडायची. असे मजल्यावर मजले. गोची अशी की आधाराच्या भिंतीसुद्धा विकाऊ स्लेटच्याच. त्या बारीक करण्याचा मोह मालकांना आवरला नाही. ओकली खाणीच्या परिसरात १८८२-८३ मध्ये डोंगराचा मोठा भाग आत कोसळला, ऱ्हॉसिथमध्ये १९०० साली तेच झालं. तुम्ही ज्या छताखालून जाणार, ते अशा भिंतींवर उभं आहे.

आता जरूर काय करा ते सांगतो. तान-अ-ग्रिश्याय गावाच्या वर कुमॉर्थिनची खाण आहे. तिथे वाटाड्यांसोबत आत जाता येतं. २०२३ पासून तर डोंगरमाथ्याखाली ४१९ मीटरवर रात्री झोपायचीही सोय आहे (मला ती चैन वाटते, पण हौसेला मोल नाही). एकेकाळी इथे इतके कामगार मेले की लोक या खाणीला कत्तलखाना म्हणायचे. १९०० मध्ये शेजारच्या ओकलीने ती घेतली आणि दोन्ही आतून जोडल्या गेल्या. ओकली बंद पडल्यावर पंप थांबले, त्यामुळे खालचे मजले आज पाण्यात आहेत.

आत गेलात की दालनाच्या भिंतीवर नीट बॅटरी मारा. भोकं दिसतील, ती सुरुंगाची. कामगार मांडीला साखळीचा वेढा घालून त्या उतरत्या कातळावर लटकायचा आणि मेणबत्तीच्या उजेडात भोक पाडायचा. ती मेणबत्ती, सुरुंगाची दारू, सगळं त्याच्याच मजुरीतून कापलं जाई. दर महिन्याला कंपनीचा माणूस येऊन प्रत्येक टोळीशी तिच्या वाट्याच्या दगडाचा भाव ठरवायचा. याला ते 'बार्गेन' म्हणत. दगड चांगला असेल तर माल जास्त निघणार म्हणून भाव कमी, वाईट असेल तर जास्त, असा हिशेब. पण दगड आतून कसा निघेल हे दोघांनाही आधी माहीत नसे, आणि त्या माणसाची मर्जी फिरली की टोळीचा महिना उपाशी. टोळीतले काही जण आत, बाकीचे बाहेर गिरणीत दगडाच्या पातळ पाट्या काढायला. गिरणीतल्या धुळीने फुप्फुसं जायची. मालकांच्या पदरचे डॉक्टर मात्र धूळ निरुपद्रवी ठरवून दोष उकळून उकळून काळ्या केलेल्या चहाला द्यायचे. भरपाईचा कायदा व्हायला १९७९ उजाडलं, तोवर बहुतेक खाणींना टाळं लागलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत हेच लोक 'काबान' नावाच्या खोलीत बसून वादविवाद घालत, कविता आणि गाण्यांच्या स्पर्धा भरवत. मला स्वतःला त्या दालनांपेक्षा या खोल्या जास्त आवडतात.

वेळ असेल तर खाणीच्या बाहेर कुमॉर्थिन तळ्याकाठून चालत वर जा: पडकी घरं, प्रार्थनाघर, आणि पुढे ऱ्हॉसिथच्या बराकी. लांबचे कामगार सोमवारी येऊन शनिवारी घरी जात, आठवडाभर या बराकींत राहत. नवव्या मजल्याच्या बोगद्याचं तोंड इथेच आहे. बाहेरून बघा आणि परत फिरा. ब्लायनायभोवतीचे राखाडी ढिगारे म्हणजे खाणींतून निघालेला टाकाऊ दगड. १९५१ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना या ढिगाऱ्यांपायी ब्लायनाय वगळलं गेलं, आणि २०२१ मध्ये याच मुलुखाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला!

मानॉडची खाण मात्र बघायला मिळणार नाही, लांबूनच डोंगर पाहा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत तिथे ठेवली होती. चित्रकार व्हॅन डाइकने काढलेलं राजा पहिल्या चार्ल्सचं घोड्यावरचं चित्र आत जावं म्हणून बोगद्याचं तोंड मोठं करावं लागलं, आणि आत उष्णता व ओलावा सांभाळणाऱ्या विटांच्या खोल्या बांधल्या.

कपड्यांचं विचाराल तर आत बारा महिने गारठा असतो, त्यामुळे जुलैत गेलात तरी लोकरी थर आणि पाणी न शिरणारे बूट न्या. वाटाड्या असला तरी कुठे जातोय आणि किती वाजता बाहेर येणार, हे वर कुणाला तरी सांगून ठेवा. मदत लागली तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना 'केव्ह रेस्क्यू' हवं असं सांगायचं. आत मोबाइलला रेंज नसते, म्हणून हा फोन वरच्या माणसालाच करावा लागेल. त्याला नंबर आधीच देऊन ठेवा.